रात्रीची वेणी

केसांचा आणि मराठी भाषेचा संबंध मोठा जवळचा आहे. विश्वासघातकी माणूस केसाने गळा कापतो, लाडक्या माणसाच्या केसालाही आपण धक्का लागू देत नाही, आणि वडीलधाऱ्यांचे केस तर कधीच उन्हाने पांढरे झालेले नसतात! असे असूनही या केसांचे रात्री झोपताना काय करावे, हा विषय लेखणी उचलण्याच्या योग्यतेचा कुणी मानलेला दिसत नाही. वार्षिकांकासाठी मी हा विषय सुचवला तेव्हा वर्गात हशा पिकला. "म्हणजे तू सौंदर्यप्रसाधनांवर लिहिणार?" असेही एका मैत्रिणीने विचारले. तसे नाही. हा विषय सौंदर्याचा आहे त्याहून अधिक पाण्याचा, कामाच्या तासांचा, झोपेचा आणि आमच्या भागात तरी देवाधर्माचा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. केसाचे मूळ तेवढे जिवंत असते. त्वचेच्या वर आलेला केस हा केराटीन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा होय. आपली नखेही त्याच द्रव्याची. निर्जीव असल्यामुळे केसाला झालेली जखम भरून येत नाही. झाडाची फांदी मोडली तर नवी फुटते, हाताला खरचटले तर खपली धरते. केसाच्या टोकाला फाटा फुटला तर तो फाटाच राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्या हिशेबाने कमरेपर्यंत पोचलेल्या वेणीचे टोक पाचसहा वर्षांचे असते. म्हणजे माझ्या वेणीचे टोक मी आठवीत असताना उगवलेले आहे, आणि तेव्हापासून सुमारे दोन हजार रात्री ते उशीवर घासले गेले आहे. दिवसा आपण केसांकडे दहा वेळा पाहतो. रात्रीच्या सहासात तासांत त्यांचे काय होते, ते मात्र कुणी पाहत नाही.

आता एक छोटा प्रयोग करा. डोक्यावरचा एक लांब केस दोन बोटांच्या चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे ओढा. ती सुळकन सरकतात. मग उलट, टोकाकडून मुळाकडे ओढा. आता किंचित खरखर लागेल. याचे कारण असे, की केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते आणि ते खवले कौलारू छपरासारखे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक कौलाची कड टोकाच्या दिशेला असते. शेजारशेजारचे दोन केस एकाच दिशेने पडलेले असतील तर ते एकमेकांवरून गुण्यागोविंदाने सरकतात. एक उलटा झाला, की कौलांच्या कडा एकमेकींत अडकतात. सरकायचे ते एकाच दिशेने; मागे येणे नाही. गुंता आणखी आवळतो तो यामुळेच.

मेंढीची लोकर याच गुणाचा उपयोग करून नमदा बनते. लोकर ओली करायची, साबणाचे पाणी द्यायचे, दाबायची, मळायची, पुन्हा दाबायची. माग नाही, विणणे नाही. तरी शेवटी असे कापड तयार होते की ते हाताने फाटता फाटत नाही. ओल, ऊब, दाब आणि घर्षण या चार गोष्टी त्याला पुरतात. आता विचार करा, झोपलेल्या माणसाच्या डोक्याखाली याहून वेगळे काय असते? घामाची ओल आहे, अंगाची ऊब आहे, डोक्याचा भार आहे आणि कुशी बदलण्याचे घर्षण आहे. माणसाच्या केसाचे खवले लोकरीपेक्षा चपटे असतात म्हणून आपला नमदा एका रात्रीत होत नाही, इतकेच.

ओले केस घेऊन झोपू नये असे आजी सांगते. ती सर्दीचे कारण देते. माझ्या मते खरे कारण केसाचेच आहे. केस आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी पितो. पाणी आत शिरले की केसातील द्रव्याला धरून ठेवणारे काही बंध तात्पुरते सुटतात, केस फुगतो, खवले उचलले जातात आणि ओढले तर तो रबरासारखा ताणला जातो. अशा वेळी तो घासला की लवकर झिजतो आणि ताणला की लवकर तुटतो. त्यातून आमच्याकडे बोअरचे पाणी जड. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट मळ होतो आणि तो केसांवर बसतो. साबण मुळात क्षारधर्मी असल्याने खवले उघडतो, आणि कित्येक घरांत अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाच्या वडीनेच डोके धुतले जाते, हे या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते. ते खवले बसवते. जुन्या बायकांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण परिणाम येत होता.

मग उपाय काय? वेणी! रात्रीची, सैल, तीन पेडांची वेणी. दोरखंड गाडीत तसाच टाकला तर सकाळपर्यंत त्याचा गुंता होतो, आणि वेटोळे करून बांधला तर तो सरळ उलगडतो, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. वेणीत हजारो केस एका दिशेने बांधले जातात, कुशीवर वळताना ते एकत्र हलतात, आणि घर्षण होते ते फक्त वेणीच्या बाहेरच्या बाजूला. आतले केस सुरक्षित राहतात. मात्र वेणी सैल हवी. दिवसभर घट्ट बांधलेला अंबाडा रात्रीही तसाच ठेवला तर मुळांवर सतत ताण पडतो. वर्षानुवर्षे असा ताण पडल्यास कपाळाच्या आणि कानाच्या कडेचे केस मागे हटतात, आणि मुळे निकामी झाली तर ते परत येतही नाहीत. वेणीच्या टोकाला रबर लावू नये. तो केसाला चिकटतो आणि सोडताना केस तोडूनच सुटतो. पूर्वी यासाठी आगवळ असे. आता आगवळ हा शब्दही वसतिगृहातल्या मुलींना समजावून सांगावा लागतो. जुन्या मऊ लुगड्याची बोटभर रुंद चिंधी तेच काम करते.

मोबाईलवर हल्ली रात्री घालायच्या साटिनच्या टोप्या आणि रेशमी अभ्रे दिसतात. त्यामागचे तत्त्व खरे आहे; गुळगुळीत कापडावर केस कमी घासला जातो. परंतु त्यासाठी पैसे मोजलेच पाहिजेत असे नाही. आमच्या घरी उशी म्हणजे जुन्या कपड्यांचे बोचके आणि अंगावर वाकळ. वाकळीच्या टाक्यांत केस अडकतात. त्यावर आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या पातळाचा तुकडा अंथरला की झाले.

तेलाबद्दल दोन शब्द. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेळे आणि मोहिले या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत केसातील प्रथिनाची झीज कमी करणारे एकटे खोबरेलच निघाले. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. (ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवावे, तथापि पुढच्या अभ्यासांतही खोबरेल केसात शिरते असेच दिसले आहे.) तेव्हा न्हाण्याच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीला तेल लावणे हे शहाणपणाचे. ज्याला कोंडा आहे त्याने मात्र टाळूवर रात्रभर तेल थापू नये. कोंडा वाढवणारी बुरशी त्वचेवरील तेलावरच जगते. मुलांनी हा परिच्छेद वगळून पुढे जाऊ नये, कारण कोंडा मुलगा-मुलगी पाहत नाही. उवाही पाहत नाहीत. ऊ उडत नाही, चालते, आणि ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते ती डोक्याला डोके लावून झोपल्याने. तिलाही बांधलेली वेणी मोकळ्या केसांपेक्षा गैरसोयीची असते.

झोपण्यापूर्वी विंचरावे ते टोकाकडून. आधी शेवटचे चार बोटे, मग त्याच्या वरचे, असे करीत मुळाकडे यावे. मुळापासून फणी ओढली तर वाटेतले सगळे लहान गुंते खाली सरकत एका जागी जमतात आणि त्यांची गाठ होते. शंभर वेळा फणी फिरवावी असे जे म्हणतात त्यात तथ्य नाही. जितके घासाल तितके खवले झिजतील. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे, त्यामुळे फणीतले गुंतवळ पाहून घाबरून जाऊ नये. गुंतवळावर भांडी देणारा आमच्या गावात येतो. त्याच्याकडून आजीने घेतलेली वाटी अजून घरात आहे.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. दहा मिनिटांचे काम. परंतु ती दहा मिनिटे कुणाजवळ असतात, हा प्रश्न मला या विषयाने शिकवला.

दिवेलागणीनंतर केस विंचरू नयेत, लक्ष्मी निघून जाते, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. चिमणीच्या उजेडात गळालेला केस दिसत नाही आणि अन्नात जातो, एवढाच त्याचा अर्थ असावा. ज्या घरातील बाईला दुपारी जेवणे आटोपल्यावर ओसरीवर बसून वेणी घालायला सवड होती, तिला हा नियम जड गेला नाही. पण जी बाई दिवस उगवायच्या आत घर सोडते आणि दिवे लागल्यावर परतते, तिने विंचरायचे कधी? माझी आई आणि मावशी दोघी ऊसतोडीला जात. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचे आमचे कोरडवाहू गाव; दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघत त्या उन्हाळा लागल्यावर परत येत. पहाटे अंधारात फडात उतरायचे, पुरुषाने तोडलेल्या उसाची मोळी बांधायची आणि डोक्यावर चुंबळ ठेवून ती गाडीपर्यंत वाहायची. पाचटाची कुसे केसांत जातात, घाम येतो, वरून मोळीचा भार, आणि त्याखाली चुंबळ घासत राहते. नमद्याला लागणाऱ्या चारही गोष्टी दिवसाही आणि रात्रीही! खोपीत पाणी हंडाभर, तेही प्यायचे. न्हाणे आठवड्यातून एकदा झाले तर झाले.

अशाच एका हंगामात मावशी बाळंत झाली. तिला ताप आला, महिनाभर ती अंथरुणाला खिळून होती आणि केसांना कुणाचा हात लागला नाही. उठली तेव्हा डाव्या कानामागे केसांचा एक चिवट गोळा झाला होता. आई तो कापणार होती. शेजारच्या खोपीतल्या एका म्हातारीने हात धरला. म्हणाली, "ही यल्लम्मा आलीया. कात्री लावशील तर घर बुडंल." तेव्हापासून बावीस वर्षे मावशीच्या डोक्यावर ती जट आहे. ती वाढत गेली, आता खांद्याखाली येते. दर मंगळवार-शुक्रवारी तिला हळदकुंकू वाहिले जाते. हळद, कुंकू, तेल आणि धूळ मिळून ती दोरखंडासारखी कडक झाली आहे. मावशी डाव्या कुशीवर झोपू शकत नाही. मान दुखते. झोपताना ती जट उशीच्या वरच्या अंगाला टाकते आणि उजव्या कुशीवर वळते. रात्री झोपेत वळली की ओढ बसून जागी होते. घरात अडचण असो वा नसो, सौंदत्तीच्या यात्रेचा खर्च काढून ठेवावा लागतो. देवीला मी नमस्कार करते. पण मावशीच्या केसांत जे घडले ते मला तरी लोकरीच्या नमद्यासारखेच दिसते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे समजू नये. युरोपात पोलंडमध्ये अशा जटा इतक्या आढळत की वैद्यकशास्त्रात त्यांना 'प्लायका पोलोनिका' हे नावच पडले. तेथेही लोक मानत की जट कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, आजार आत शिरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राको येथील योझेफ डिट्ल नावाच्या डॉक्टरांनी हा रोग नसून निगा न राखलेल्या केसांचा गुंता आहे असे प्रतिपादन केले आणि जटा कापण्याचा आग्रह धरला. हे डॉक्टर पुढे १८६६ साली त्या शहराचे महापौर झाले. पोलंडच्या शेतकरी बाईने यल्लम्माचे नावही ऐकले नव्हते. तरीही तिच्या डोक्यावर जट झाली, आणि भीती आमच्या गावातलीच!

आपल्याकडे या भीतीला आणखी एक भयंकर अंग होते. लहान मुलीच्या डोक्यात जट दिसली की देवीने तिला मागितले असा अर्थ लावून तिला देवदासी म्हणून सोडण्यात येई. मुंबई इलाख्यात १९३४ साली याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ साली केला, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ सालचा. एका विंचरण्यावाचून राहिलेल्या गुंत्यावरून एखादीचे सारे आयुष्य ठरत असे, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटा सोडवण्याचे काम करीत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जटा त्यांच्या संमतीने कापल्या आहेत. यात संमती मिळवण्याचे काम अवघड. कात्री चालते ती काही मिनिटेच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा मावशीची सात वर्षांची नात टायफॉइडमधून उठली होती. तीन आठवडे अंथरुणात, केस मोकळे. मानेच्या वर आवळ्याएवढी गाठ झाली होती. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हते, पण कोनाड्यात हळदीची वाटी आणून ठेवलेली मी पाहिली. त्या रात्री जेवणे झाल्यावर मी पोरीला पुढ्यात घेऊन बसले. दिवेलागण केव्हाच होऊन गेली होती.

अशी गाठ कशी सोडवावी ते सांगते, कारण कुणाला उपयोग होईल. पाणी लावू नये. पाण्याने ती फुगून आवळते. भरपूर खोबरेल तेल गाठीत जिरवावे आणि अर्धा तास थांबावे. फणी दूर ठेवावी. गाठीच्या टोकाच्या बाजूने बोटांनी चारचार केस बाजूला काढावेत. बोट शिरत नसेल तिथे विणकामाची सुई घालावी, तिची टोके बोथट असल्याने टाळूला लागत नाही. गाठ आणि डोके यांमधले केस दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवावेत, म्हणजे ओढ मुळांना बसत नाही आणि मूल रडत नाही. सुटलेले केस लगेच बारीक वेणीत बांधून टाकावेत, नाहीतर ते पुन्हा आत ओढले जातात. जे अजिबातच सुटत नाही ते गाठीतच उभे कापावे. आडवे कापले तर सगळे केस जातात. आम्हाला दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री पोरगी मांडीवरच झोपली. मोबाईलचा उजेड मावशीने धरला होता. तिने काही विरोध केला नाही आणि काही बोललीही नाही, फक्त हात दुखू लागला की हात बदलत होती. दुसऱ्या रात्री शेवटची गाठ सुटली. गुंतवळ मुठीएवढे निघाले. मावशीने ते बराच वेळ हातात धरून पाहिले, दाबून पाहिले, ओढून पाहिले.

पोरीची सैल वेणी घातली. मग मावशीने विचारले, कापलेले केस किती दिवसांत येतात? मी म्हटले, महिन्याला एक सेंटीमीटर. तिला सेंटीमीटर कळेना, म्हणून वर्षाला अर्धी वीत असे सांगितले. तिने वाकळीवर आपली वीत पसरून पाहिली आणि म्हणाली, "म्हंजी दोन वर्सांत एक वीत हुतील की."